एकाचे चार

मी ठिबकचा माणूस.
चोपड्याहून सलालाला आलो ते नळ्या, ड्रिपर, फिल्टर घेऊन,
आणि डोंगरमाथ्यावर पहिल्याच दिवशी सुरय्याबाई म्हणाल्या,
इथे पाणी द्यायचं नाही.
इथे पाणी हवेतून येतं.

जून सरता सरता समुद्राकडून धुकं चढतं,
थेंब पडत नाहीत, लोंबतात:
पापणीला, तारेला, उंटाच्या मिशीला.
या दिवसांना इथे खरीफ म्हणतात.
आमच्या सातबाऱ्यावरचा खरीपच की हा,
फक्त पेरत कुणी नाही.

बाईंनी एक काडी माझ्या चिमटीत दिली. फिरव.
गवताची काडी फिरते. ही अडली.
तीन कडा, पेर कुठेच नाही,
आत भरीव पांढरा गर,
पानंसुद्धा तीन बाजूंना, खोडाला घट्ट नळीसारखी धरून.
गवत नाही हे, त्या म्हणाल्या.
मी म्हणालो, मोथा आहे.

बाईंचा चेहरा पडला.
साऱ्या जगात हा एवढाच उतार, एवढीच सदतीस रोपं,
पुस्तकात नाव नाही, वहीत नुसता आकडा,
आणि एक फिटर म्हणतो, मोथा.

मग कुंपण घातलं. मीच घातलं,
खांब दीड मीटरवर, तार चार पदरी.
सईद बिन बखीत त्याच्या बुटक्या गायी घेऊन
पलीकडे उभा राहून बघत होता.
त्याच्या डोंगरी बोलीत या रोपाला नाव आहे,
त्यातला एक आवाज जिभेच्या कडेने निसटतो.
मी माझा ळ पुढे केला.
तो पोट धरून हसला, आणि मग विचारलं,
कुंपण कुणाला, त्याला की मला?

पहिल्या खरिफात सदतीस.
दुसऱ्या खरिफात एकोणतीस.
तिसऱ्यात बावीस, आणि आत गवत कमरेइतकं,
माजलेलं, स्वतःच्याच अंगावर लोळणारं.
बी धरायचं, पण शंभरात चार भरलेली,
बाकी नुसती टरफलं.
बाई तंबूत दिवा लावून टरफलं मोजायच्या.

त्या रात्री आईचा फोन.
काय करतोस रे तिकडे?
मोथा राखतो.
मोथा? पगार देऊन मोथा राखायला लावतात?
अरे, कपाशीत बसून जन्मभर खुरपला मी तो,
कंबर गेली माझी त्याच्यापायी.
खुरप्यानं गाठ तुटली की एकाचे चार व्हायचे,
चाराचे सोळा, मेला मरतच नव्हता.

मी तसाच उठून बाईंच्या तंबूत गेलो.
अर्धी अरबी, अर्धी हिंदी, बाकी हातवारे:
गाठ. तोडणं. एक. चार.
त्या काही बोलल्या नाहीत.
बराच वेळ दिव्यावर किडे आपटत होते.
मग म्हणाल्या, खुरपं इथे कुठलं?
बाहेर काळोखात सईदची गाय
ओल्या मातीत खूर रुतवत होती.

सप्टेंबरात तार काढली. मीच काढली.
दोन गायी, दोन दिवस, त्याहून एक तास जास्त नाही,
सईद काठी आडवी धरून दारात बसलेला,
एखाद्या लग्नात आहेर मोजायला बसावं तसा.
गायी गवत खात गेल्या, मोथ्याला तोंड लावलं आणि सोडलं,
मागे खुरांचे वाटोळे खड्डे,
त्यात धुक्याचं पाणी, त्या पाण्यात चिरलेल्या काळ्या गाठी.
बाईंनी एक हुंगली, मलाही दिली.
वास तोच. आईच्या नखांना यायचा तो.

यंदा एकतीस.
बाई म्हणतात, एका वर्षावर काही ठरत नाही,
पाच वर्षं बघू, गायी जास्त झाल्या तरी घात आहे.
आकडा पेन्सिलीनेच लिहिलाय.

आईला सांगितलं.
ती म्हणाली, सांभाळ हं, एकदा पसरला की आवरत नाही,
रान घेऊन टाकतो सगळं.
मी फोन कानाला घट्ट धरला,
वारा होता, पुढचं नीट ऐकू येईना.
म्हणालो, आई, तुझ्या तोंडात साखर पडो.