डाव्या हाताचा

तार्तूला नोव्हेंबरात दुपारी चारलाच दिवे लागतात.
तेव्हा मी संग्रहालयाच्या पोटमाळ्यावर
तीन शोधयंत्रांची भांडणं सोडवत बसलेली असते.

पहिलं शब्दाला पक्कं.
‘कीनास’ म्हटलं की कीनासच,
वाटेत जर्मन वहीतला ‘हांडशू’ आडवा आला
तरी ओलांडून पुढे जातं.
दुसरं चित्रं बघतं. लाल मागितलं तर लाल,
मग तो हातमोजा असो की कोंबडा.
तिसरं लोकांच्या मागून चालतं,
काल जिथे बोटं टेकली
तिथेच आज बोट दाखवतं.

एक शेरात मोजणारं, एक वितीत,
एकाचं माप त्याचं त्यालाच ठाऊक.
बेरीज कशाची करणार?
म्हणून मी गुण फेकून देते, नुसते क्रमांक ठेवते.
क्रमांकात साठ मिळवायचे,
त्यानं एकाला भागायचं,
तिघांचं मिळून जे येईल ते खरं.
साठच का, म्हणून तानेलला विचारलं.
म्हणाला, कुणाला तरी कधी तरी
साठवर बरं वाटलं असेल.

तर तिघांनाही जरा जरा आवडलेला
मानाच्या पानावर बसतो
आणि एकाच्याच जिवाचा जिवलग
पंगतीच्या टोकाला, ताक संपल्यावर.

एकच वस्तू दोन दारांतून येते कधी कधी.
तिला मी एकदाच वाढते.
शंभरात ब्याण्णव सारखं दिसलं की
ते एकच, असं मी ठरवलंय.
ठरवलं होतं.

मुहू बेटावरून सालमे आली. वय चौऱ्याऐंशी,
आधी फेरी, मग बस, मग आमचे सत्तावन्न जिने पायऱ्या
(लिफ्ट आहे हे तिला कुणी सांगितलंच नाही).
थोरल्या बहिणीनं विणलेला हातमोजा बघायचा होता,
आईनं संग्रहालयाला दिलेला.
मी शोध घेतला. तिन्ही यंत्रांचं
कधी नव्हे ते एकमत. पहिला क्रमांक.
नारिंगी, गुलाबी, अंगठ्याशी आठ पाकळ्यांची चांदणी.

हा उजवा, ती म्हणाली.
मग पडद्याला नाक लावून,
खालच्या करड्या बारीक ओळीवर नख ठेवून:
हे काय?
काही नाही, तेच पुन्हा आलंय,
म्हणून झाकलंय.
उघड.

स्टॉकहोम. दुसऱ्याच देशाचं संग्रहालय, दुसऱ्याच भाषेतली चिठ्ठी,
देणाऱ्याचं नाव नाही, साल चव्वेचाळीस.
सत्त्याण्णव टक्के तोच.
उरलेल्या तीन टक्क्यांत
अंगठा दुसऱ्या बाजूला होता.

लेइदा होडीत बसली तेव्हा सालमे चार वर्षांची.
उजवा कसा राहिला, वाळूत पडला की ठेवून गेली,
हे घरात कुणी बोललं नाही.
डावा समुद्रापलीकडे पोचला
हे ऐंशी वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं,
आणि गेली दोन वर्षं
माझ्या प्रोग्रॅमला ठाऊक होतं.

ती रडेल म्हणून मी पाणी आणायला उठले.
सालमे चांदणी मोजत होती.
सातच पाकळ्या, म्हणाली.
घाई केलीय अंगठ्याला. नेहमीचंच तिचं.

मग म्हणाली, दोन्ही कागदावर काढून दे.
प्रिंटरनं आधी उजवा काढला, मग डावा,
माझ्याच यादीच्या क्रमानं.
तिनं कागद उचलले, अदलाबदल केली,
अंगठे समोरासमोर येतील असे
मांडीवर ठेवले
आणि बसची वेळ विचारली.

ब्याण्णवचा आकडा मी त्या रात्री काढून टाकला.
आता यादीत एकच कप पाच वेळा येतो.
तानेल रोज कुरकुरतो. बरोबर आहे त्याचं.
सहाव्या ओळीपर्यंत कुणी उतरत नाही.

मी उतरते. दिवे लागल्यावर, एक एक कप,
कान कुठल्या बाजूला आहे ते बघत.