तीन चित्रं

म्हापशाच्या दवाखान्यात डॉक्टर कुएलोनं
औषधाच्या चिठ्ठीमागं तीन चित्रं काढली.
तिन्हींत मी, फक्त कमरेपुरती,
आणि पेरूसारखं काहीतरी, उलटं लोंबणारं.
"हें तुजें," म्हणाली.
मी म्हटलं, ओळखते. अकरा वर्षं
रोज सकाळी मीच त्याला हातानं आत बसवते,
फुगलेलं दार लोटावं तसं.

अंग बाहेर येतं, एवढंच म्हणतो आम्ही आगरवाड्यात.
तेही बाईलाच, तेही भांड्यांच्या आवाजात.

भोकं चारच, करंगळीएवढी.
पोटात वारा भरायचा, दुर्बीण घालायची.
पहिलं चित्र: पिशवी काढून टाकायची,
उरलेलं टोक आतल्या बंधांना टाचायचं.
दुसरं: पिशवी राहू द्यायची,
जाळीच्या पट्टीनं कण्याच्या तळहाडाला टांगायची.
तिसरं: जाळी नको,
तुझेच सैल पडलेले बंध आखडून शिवायचे.
"पण ते परत सैल पडतील, बाय, तशी भीती जास्त."
आणि जाळी?
"बहुतेक टिकते. एखादीला आत घासते.
मग ती सोडवणं कठीण."

लेक मधेच म्हणाली, आई, काढूनच टाक ना,
आता कशाला हवी?
मी तिच्याकडे नुसतं बघितलं.
नऊ महिने भाडं न देता राहिली होती तिथं.

मला आमचा बांध आठवला,
खाजनाचा, मानशीजवळचा.
बाबा होते तोवर चिखल, पेंढा, खाडीचीच माती.
दोन वर्षांनी पाझरायचा,
दोन वर्षांनी आम्ही गुडघाभर पाण्यात.
मग सिमेंट ओतलं.
नऊ वर्षं थेंब नाही.
दहाव्या वर्षी सिमेंट तसंच उभं,
शेजारची माती तेवढी निघून गेलेली,
आणि खारं पाणी थेट गोकुळदासच्या भातात.
तसं कुणाचंच चुकलं नव्हतं.

हे सांगितलं तर डॉक्टर हसली नाही.
पेनाला टोपण लावलं, परत काढलं.
"शरीर म्हणजे बांध नव्हे," म्हणाली.
मग जरा थांबून, "पण प्रश्न बरोबर आहे."

मी चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली.
कुठंच पाटी नव्हती.
ओल्या मिठाची, आगरातून रस्त्यापर्यंत,
थोरल्याच्या वेळी अठराव्या दिवशीसुद्धा.
डोक्यावरून मानेत, मानेतून पाठीत,
उतरत उतरत जिथं पोचायची तिथं पोचलेली.
ती कुठल्या भोकातून काढणार?

"पाटी बंद," डॉक्टर म्हणाली. "कायमची. तिन्हींत."
तीन चित्रांत तेवढंच एक सारखं.

रात्री चिठ्ठी नवऱ्यापुढं ठेवली.
त्यानं ती दिव्याखाली धरली, लांब केली, जवळ आणली.
"हे काय, मानस काढलीस?"
जन्मभर तेच दार उघडत-मिटत आलेला माणूस.

हो, म्हटलं. दुरुस्तीला आलीय.
कशी करायची ते मी ठरवीन, शुक्रवारपर्यंत.
यंदा मीठ धरलं
की पाटी तू उचलायची.

तो काही बोलला नाही.
चिठ्ठीची घडी घातली मात्र अगदी हळू,
आत काही जिवंत असल्यासारखी.