जागल्या

बाहेर उणे सत्तावीस. आखातावरचं बर्फ मधूनच तडकतं.
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, लोकरी मोजे घालून,
राइली हुत्तिनेन चौदा किलोमीटरवरच्या
एका यंत्राला हाक मारते.

यंत्र बंद आहे. पंखे थांबलेले, तबकड्या गार.
पण त्याच्या पोटात एक चिप आहे नखाएवढी,
तिचा पत्ता वेगळा, वायर वेगळी, पासवर्ड वेगळा;
प्लगात वीज आहे तोवर ती झोपत नाही.
गाव झोपलं तरी वेशीवर जागल्या असतो, तशी.
ती ओ देते.

तापमान एकवीस. दोन्ही वीजपुरवठे ठीक.
झाकण शेवटचं उघडलं नोव्हेंबरात, चार मिनिटं, मग मिटलं.
का उघडलं, ते तिनं विचारलेलं नाही.
ती पाहते, आणि लिहून ठेवते.

राइली आधी सगळ्या मांडणीची प्रत काढून घेते
(तौनोनं शिकवलं होतं: आधी प्रत, मग कॉफी, मग बाकीचं)
आणि मग नवं फर्मवेअर चढवायला घेते.
फाइल तपासली जाते अक्षर न् अक्षर,
वाटेत कुठं ध चा मा झालेला नाही.
सूचना एकच, लाल चौकटीत:
काम चालू असताना वीज तोडू नका.

दहा टक्के. चाळीस. बासष्ट.
बासष्ट.
कॉफी निवते.
बासष्ट.

ओइवा उठून येतो, पायजम्यावर स्वेटर उलटा.
एकोणतीस वर्षं कागदगिरणीत, कान तिथंच ठेवून आलेला.
आता त्याच छपराखाली कागद नाही;
रांगेनं कपाटं उभी, आणि माणसं तीन.
"अडकलंय?"
ती खांदे उडवते.
"आमचा कागद तुटला की भोंगा व्हायचा.
सगळे धावायचे, लगद्यात कोपरापर्यंत हात.
तू बसून काय राहिलीस?"
ती मोठ्यानं सांगते, ओठ दिसतील असं:
"हात लावला तर मरेल."
म्हातारा खुर्ची ओढतो.
बसणं हेही काम असतं,
हे त्याला पटायला जरा वेळ लागतो.

तीनला पाच कमी असताना त्र्याऐंशी. मग एकदम शंभर.
यंत्र एकदा मरतं, एकदा उठतं,
आणि उठतं ते कोऱ्या पाटीनं:
पंखे बेभान, कुठून सुरू व्हायचं त्याचा विसर,
घड्याळ कुठल्याशा जुन्या एक जानेवारीवर,
कारखान्यातून निघालं त्या दिवसासारखं.

राइली जपलेली प्रत उघडते. ओळीमागून ओळ.
पंख्यांचा वेग, मेमरीचा हिशोब, पोर्ट कुठले उघडे,
आणि 'स्थान' नावाच्या रकान्यात,
जिथं तिनं आजवर पाहिलंच नव्हतं,
जिथं सगळे लिहितात रांग सात, कप्पा बारा,
तौनोनं लिहून ठेवलंय:
यंत्र क्रमांक चार, ओली बाजू.

तौनो मे महिन्यात गेला.
ती पडदा बापाकडे वळवते.
तो चष्मा शोधतो, सापडत नाही, नाक काचेला लावून वाचतो.
"ओली बाजू? खिडकीकडून तिसरं ना हे?
अगं, ती वाळवणीची बाजू!
वाफेचे सिलिंडर होते तिथं, भर हिवाळ्यात
शर्ट काढून जेवायचो आम्ही.
तौनो हापिसातला. त्याला काय कळणार ओलं नि सुकं."

राइली एक शब्द बदलते.
मग मांडणी परत चढवते, सगळी, जशीच्या तशी,
म्हणजे त्या एका शब्दाखेरीज.
पंखे खाली येतात. घड्याळ आजवर पोचतं.
ओइवा दिवा न मालवताच झोपायला जातो,
दारातून पुन्हा एकदा: "वाळवणीची."

चौदा किलोमीटरवर जागल्या नोंद करतो:
तीन एकेचाळीस. स्थान बदललं. वापरकर्ता राइली.
कुणाच्या सांगण्यावरून,
असा रकाना त्याच्या वहीत नाही.