खेळतं भांडवल

मार्चअखेर. अंबडच्या शेडमध्ये लाइट गेलेली,
म्हणून एकमेकांचं बोलणं ऐकू येतंय.
धात्रकबाई ताळेबंद आधी उलटा धरतात, मग सुलटा.
"शेजवळ, इथं नफा लिहिलाय अकरा लाख चाळीस हजार
आणि बँकेत सत्तावीस हजार.
मधले कुणी खाल्ले?"

बाईंनी एकोणतीस वर्षं सिन्नरला भूगोल शिकवला.
साहेब गेले, आणि वाट्याला आले
तीन लेथ, एक मिलिंग, चौदा माणसं
आणि मी, हिशेबनीस.

कुणी खाल्ले नाहीत बाई. चला, दाखवतो.

निघालो आम्ही पैसे बघायला.
रॅकवर सळ्या, टोकांना रंग लावलेल्या: हे चार लाख.
ट्रेमध्ये तेलात भिजलेले बुश,
भोक पडलंय, घासायचे राहिलेत: हे दोन लाख वीस.
"दहावी सुटली, पण अकरावीला प्रवेश नाही,"
बाई पुटपुटल्या.
दाराशी खोकी, पत्ते चिकटवलेली, ट्रक न आलेला: दीड.
आणि उरलेले तीन लाख त्रेचाळीस हजार
चाकणला आहेत, एका काचेच्या ऑफिसात.
नव्वद दिवसांत येतो म्हणाले होते.
आज एकशे बारावा.

बाई खोक्यावरच बसल्या.
"म्हणून म्हणतात होय खेळतं.
दिवेलागण झाली तरी घरी नाही."

या शहरात नोटा छापतात.
नाशिकरोडच्या त्या भिंतीवरून माझी बस रोज जाते,
आणि मी खिडकीशी बसून
सत्तावीस हजारांत चौदा पगार बसवत असतो.

मग कोपऱ्यातला जुना लेथ.
दरसाल घसारा लावून लावून
वहीत आता त्याची किंमत एक रुपया.
"एक रुपया? कालच याच्यावर दोनशे नग निघाले!"
निघाले. कारण समोर ऐनुद्दीन उभा असतो,
नुसत्या आवाजावरून सांगतो, टूल झिजलंय.
"मग ऐनुद्दीन कुठं लिहिलाय?"
खर्चात, बाई. पगाराच्या ओळीत.
मालमत्तेत नाही?
नाही.
त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं समासात.
मी बघितलं नाही.

नव्या मशीनचं कोटेशन टेबलावर होतंच.
बारा लाख. दरवर्षी तीन लाख वाचतील, पाच वर्षं.
"पंधरा झाले की. तीन लाखांचा फायदा."
बाई, पाचव्या वर्षाचे तीन लाख आज तीन नसतात.
बारा टक्क्यांनी बघितलं तर एक लाख सत्तर हजार.
त्या दारात गेल्या, अंगठा धरला डोळ्यासमोर.
"तो बघा अंजनेरी. अंगठ्याएवढा.
म्हणून काय तो लहान आहे?"
लहान नाही. लांब आहे.

मग अंगठ्याअंगठ्यानं मोजत गेलो, पाचही वर्षं.
दहा लाख एक्क्याऐंशी हजार.
त्यांनी कोटेशनची घडी घातली, पुन्हा एकदा घातली,
आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.

राहिली चाकणची नवी ऑर्डर. तिप्पट.
साहेब असते तर पेढे वाटले असते.
मी बोटांवर सांगितलं: सळ्या तिप्पट, खोकी तिप्पट,
वाट बघणंही तिप्पट.
तोट्यातलं दुकान वर्षानुवर्षं रडतखडत चालतं;
नफ्यातलं एका पगाराच्या तारखेला बसतं.

लाइट आली. तिन्ही लेथ एकदम बोलू लागले.
बाई एका कानावर हात ठेवून फोनवर ओरडत होत्या,
मागच्या बाकावर पोचेल अशा आवाजात:
"अर्धीच ऑर्डर घेऊ. पंचेचाळीस दिवस.
आणि आधीचे आमचे तेवढे घरी पाठवा हो,
अंधार पडत आलाय."

तिकडून कुणी हसलं,
की रेंज तुटल्याची खरखर, कळलं नाही.
मी नोंद केली: चाकण, फोन, तीन मिनिटं.
रक्कम कोरी ठेवली.