काळी दोनच्या वर

वडगावात आमचा माग बंद झाला त्या वर्षी
कॅम्पातल्या लिलावात मी हा घेतला.
पलटणीच्या बँडनं टाकून दिलेला सॅक्सोफोन,
पेटीला कुलूप नाही, आतली मखमल उंदरांनी नेलेली,
आणि गळ्याशी हिरवट गंज.

कैतान मिस्त्रीनं त्याच्या पोटात बल्ब सोडला,
खोलीतला दिवा मालवला.
मिटलेल्या चाव्यांच्या कडांतून उजेड गळत होता,
तेवीस ठिकाणी, तो म्हणाला. मी मोजले सतरा.
"जिथनं उजेड जातो तिथनं सूर जातो,"
एवढं बोलून तो चहा प्यायला गेला,
दीड महिना.

गाद्यांचं चामडं अथणीचं.
चपलांच्या पट्ट्या विणणाऱ्या निंगव्वानं
शेळीचं पातळ कातडं गालाला लावून बघितलं,
"स्वल्प तडी री," म्हणाली,
आणि मी थांबलो, दुपारभर,
चिंचोक्यापासून पेल्याच्या तोंडापर्यंत
तिचे गोल कापून होईतो.
पैसे घेताना विचारलं, एवढे गोल पाय कुणाचे?
मी तोंडानंच वाजवून दाखवलं.
ती हसली नाही.
दोन गोल जास्तीचे दिले.

आता हा वाजतो कसा ते सांगतो.
नवा असतो ना, पिवळाधमक, हप्त्यावर मिळणारा,
त्यात फुंकलं की सूर पडतो,
नळातून पाणी पडावं तसा.
याला आधी विचारावं लागतं.
डाव्या करंगळीच्या चाव्या इतक्या ताठ
की पहिला महिनाभर मला शर्टाची बटणं लावता येईनात.
सगळ्यात खालचा सूर मागितला
तर आधी गुळगुळतो, चूळ भरल्यासारखा,
मग एकदम उघडतो
आणि फळीवरची भांडी बोलायला लागतात.
दमट हवेत एक चावी चिकटून बसते.
तिच्याखाली सिगारेटचा कागद सरकवायचा,
हलकेच ओढायचा,
झोपलेल्या पोराखालून हात काढून घेतात तसा.

उजव्या अंगठ्याच्या आकड्यावर एक खळगा आहे.
माझा नाही.
कुणीतरी वर्षानुवर्षं परेडला
हे सगळं ओझं त्या एका बोटावर पेललेलं.
माझा अंगठा त्यात बसतो,
जरासा डावीकडे.

अनगोळच्या वरातीत पहिल्यांदा बाहेर काढला.
कॅसिओवाल्या सुदर्शननं सूर धरला, मी धरला,
घोडीनं मान वळवून बघितलं.
काळी दोनच्या वर, पांढरी तीनच्या खाली,
मधल्या फटीत हा उभा.
तोंडाची आत ढकला, बाहेर ओढा,
जागचा हलत नाही.
जुन्या पलटणी म्हणे चढ्याच सुरात वाजवायच्या.
"तुला सांगायचं राहिलं," कैतान नंतर म्हणाला.
बँडचे मालक म्हणाले, हॉटेलवाले घेतील शोभेला, विकून टाक.
सीमेवरचाच दिसतोय, कुणीतरी म्हणालं,
सगळे हसले. मीही.

परतताना चौथ्या गेटवर अडकलो.
फाटक पडलेलं, मागे ढोलांचा टेंपो, पोरं पेंगलेली.
लांबून मालगाडीनं भोंगा दिला
आणि काखेतली पेटी आतून थरारली.
काढला. तोच सूर धरला.
गाडीनं पुन्हा दिला.
केसाचाही फरक नाही.
डबे जात राहिले, मोजायचं विसरलो.
ढोलवाला भरमाणी म्हणाला,
घ्या, जोडीदार तर सापडला,
आता दोघांना मिळून सुपारी कोण देणार?

कुणी दिली नाही.
वरातीत मी नवाच वाजवतो, पोट भरतो.

रात्री मात्र मागाच्या रिकाम्या खड्ड्यात
पाय सोडून बसतो, बापजादे बसायचे तसा,
धोट्याच्या जागी हा मांडीवर.
वाटव्याची गाडी साडेअकराला असते.
आतून बायको सांगते, आज उशीर दिसतोय.
मी पत्ती जिभेवर धरून
ओली ठेवतो.