कालव्याची पाळ

नवेगाव खैरीच्या धरणाखालून कालवा निघतो.
त्याच्या पाळीवर मुरूम टाकलेला रस्ता,
पाटबंधारे खात्याची जीप महिन्यातून एकदा,
बाकी कोणी नाही.
दुतर्फा बेशरम, मधूनमधून बाभूळ,
आणि आज, जानेवारीच्या सकाळी सात वाजता,
मी.

सायकल माझी म्हणता येणार नाही.
बेवारस वाहनांच्या लिलावात घेतली, साडेसहाशेला.
चेनकव्हरवर खिळ्यानं कोरलंय: दि. ग. निनावे, इतवारी.
तीन वर्षं ठाण्याच्या भिंतीला टेकून होती.
कोणी निनावे आला नाही.

एकतीस वर्षं वाहतूक शाखेत.
त्यातली अकरा कॉटन मार्केट चौकात,
पायाखाली सिमेंटचा गोल, डोक्यावर टिनाची छत्री.
डावा कान तिथंच राहिला.
डॉक्टर म्हणाले, आत वाजते ती शिट्टी बाहेरची नाही,
ती आता तुमचीच. सांभाळा.

पहिले पाच किलोमीटर मी मागंच बघत होतो.
काही येत नव्हतं.
तरी डाव्या कडेनं. तरी वळणावर हात बाहेर.
कोणाला दाखवत होतो हात?
लाखोरीच्या निळ्या फुलांना,
धानाच्या कापलेल्या खुंटांना,
पाण्यावर डोळा लावून बसलेल्या खंड्याला.
तारेवर एक कोतवाल,
काळा गणवेश, शेपटीला चीर.
मी मान लववली. सवयीनं.

चौकात वेग म्हणजे कोणाचा तरी गुन्हा.
इथं तो माझ्याच मांड्यांत.
पायडल मारलं की बाभळी मागं सरतात,
सोडलं की कालव्याचं पाणी मला गाठतं,
थोडा वेळ दोघं बरोबरीनं जातो,
मग ते पुढं.
चलान कोणाचं फाडायचं?

पुलावर शेळ्या. साठेक तरी.
माझा उजवा हात आपोआप वर गेला, तळवा पुढं,
डाव्यानं शेळ्यांना या म्हटलं,
आणि दोन्ही हात सुटलेली सायकल
माझ्यासकट बेशरमात.
मागून काठी घेतलेली पोरगी आली.
हसली नाही. विचारलं,
"कोणाले थांबवून रायले जी?
रस्त्यानं तं कोणीच नाही."

गेटवर यादोराव उके. तीन विटांची चूल, काळा चहा.
"ड्यूटी कुठी होती?"
सांगितलं. मग मिरच्यांचंही सांगितलं.
मे महिना. ऑटोवरून भिवापुरी मिरचीचं पोतं पडलं, फुटलं,
भर चौकात,
आणि चारही दिशांचं नागपूर शिंकत उभं,
सिटी बस, वरातीचा घोडा, आमदाराची गाडी.
म्हातारा एकेक मिरची वेचत होता.
सहा मिनिटं मी कोणालाच सोडलं नाही.
हॉर्न वाजला नाही एकही,
सगळ्यांचे हात नाकावर.
नोकरीतली शांतता म्हणाल तर तेवढीच.

यादोराव गेटच्या चाकाला तेल देत होता.
"पाणी अडवलं का मांगं चढते," म्हणाला,
"सोडलं का पुढचे बोंबलतेत.
येकच नोकरी झाली नं बापा आपली."
आणि चाक दोन फेरे फिरवलं.
पाणी फेसाळत गेलं कोणाच्या तरी गव्हाकडं.

पुढं कालवा हायवेखालून जातो,
माणसाला मात्र वरून जावं लागतं.
चार पदरी. ट्रकांमागं ट्रक.
साध्या सदऱ्यातला माणूस कोणाला दिसत नाही.
वीस मिनिटं उभा होतो.
इतकी वर्षं मधोमध उभा राहिलो,
रस्त्याच्या कडेला उभं राहणं
हे पहिल्यांदाच.

कानात शिट्टी वाजतच होती.
एकही थांबला नाही.

निनाव्यांची सायकल वळवली.
यादोरावाकडं चहा उरला असेल अजून.