येदीकुलेपासून पुढे

पुस्तकात लिहिलंय, साडेसहा किलोमीटर.
सिलिव्रीकापीची वेस येईतो
माझ्या गुडघ्यांनी त्याचे परस्पर दहा केले.
उजव्या हाताला भिंत, डावीकडे बसगाड्यांचा रस्ता
आणि मधल्या खंदकात, जिथे म्हणे शत्रू पडायचा,
पुदिना, मुळे, कांद्याची पात,
ओळीनं बसलेले लेट्यूसचे गड्डे.
पंधराशे वर्षांची भिंत बघायला आले
आणि बघत उभी राहिले पाटाचं पाणी.

भिंत पट्ट्यापट्ट्यांची आहे.
दगड, मग विटांचे पाच थर, पुन्हा दगड.
एका बुरुजाचं पोट फुटलंय,
त्यातून अंजिराचं झाड बाहेर आलंय.
डागडुजी केलेला भाग मात्र
कवळीसारखा लगेच ओळखू येतो.

खंदकातून एक म्हातारा हात करतो.
मी मोबाइल पुढे धरते. तो बोलतो.
मोबाइल मराठीत सांगतो :
"नमस्कार. मी विकलेला आहे."

मला वाटलं, यंत्र चुकलं.
पण ते त्याचं नावच होतं. सातिल्मिश.
आधीची तीन गेली, म्हणून आईनं
याला जन्मताच दर्ग्यात विकलं,
दोन नाण्यांना, काळ्या समुद्राकाठच्या गावी.
मरण दारात आलं तर म्हणेल,
हा यांचा नव्हेच.

मग मीही सांगितलं. का, कोण जाणे.
माझ्या वडलांच्या आधीची दोन गेली,
म्हणून आजीनं तिसऱ्याला दगड म्हटलं. दगडू.
हे नाही सांगितलं, की माझ्या लग्नपत्रिकेवर
मी हट्टानं नुसतं 'डी. के.' छापून घेतलं होतं,
आणि ते वाचून बाबा
चष्मा पुसत राहिले होते.

मोबाइल त्याच्या भाषेत म्हणाला, "ताश."
"ताश?" त्यानं मागे वळून
भिंतीवर थाप मारली. हा?
मी म्हटलं, हो. हाच.

तो इतका हसला की ठसका लागला.
मग विळ्यानं एक गड्डा कापला,
हौदात बुचकळून, झटकून, हातात दिला.
पैसे काढले तर विळाच उगारला.

पानं मोडून खात मी निघाले.
मागून त्याचा आवाज, "दागदू! दागदू!"
नाव जिभेवर बसवून बघत होता बहुतेक,
पण असा, जसं कुणी वाफ्याच्या त्या टोकाला
वाकलेल्या सोबत्याला
जेवायला बोलावतं.

भिंत पुढे आणखी बरीच आहे म्हणतात.
मी मेव्हलानाकापीला बस धरली.